कापड धरणारा हात

उजवा हात झोळीत अडकवून बाहेर पडलं की भेटणारा आधी विचारतो, "कसं काय झालं?" आणि लगेच पुढे, "मग जेवता कशा?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन देऊन मी ते एका वाक्यावर आणलं होतं: मागच्या दारी धुणं वाळत घालताना ओल्या शहाबादीवर पाय सटकला, हात टेकला, मनगट गेलं. दुसऱ्याचं उत्तर, चमच्यानं. तिसरा प्रश्न मात्र कुणीच विचारला नाही, आणि रात्री मला जागं ठेवत होता तो तोच. शिवता कशा?

विचारणार तरी कोण म्हणा. घरातल्या बाईचं शिवण काम म्हणून कुणी धरत नाही. स्वयंपाक अडला तर घर अडतं; टाका अडला तर फार तर एखादं बटण लोंबत राहतं. माझं अडलं होतं ते असं, की भाचीला सातवा लागला होता आणि आमच्याकडे बाळंतविडा माझ्या हातचा जातो. झबली-टोपडी हल्ली दुकानात फार सुरेख मिळतात, त्यांच्याबद्दल माझा हट्ट नाही. बाळाची गोधडी मात्र विकतची चालत नाही. वापरून वापरून मऊ झालेल्या आईच्या दोन नऊवारी त्यासाठी कपाटात वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. कुंचीच्या काठावरची वेल तर निम्मी भरून झाली होती. सुई अजून कापडातच टोचलेली होती.

मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "कोलीस फ्रॅक्चर. तुमच्या वयाच्या बायका याच हाडासाठी येतात." अब्राहम कोलीस हा आयरिश शल्यविशारद. त्यानं १८१४ मध्ये या मोडीचं वर्णन लिहिलं, तेव्हा क्ष-किरण सापडायला अजून ऐंशी वर्षं होती. नुसता बाहेरून हात बघून आणि चाचपून त्यानं ते ओळखलं, याचं मला फार कौतुक वाटलं. पडताना माणूस हात पुढे करतो, सगळा भार तळव्यावर येतो आणि मनगटाच्या जरा वर, अंगठ्याच्या बाजूचं हाड मोडतं. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ झालेली असतात, त्यामुळे साधं उभ्याउभ्या पडणंही पुरतं. कोपराखालपासून बोटांच्या पेरांपर्यंत प्लास्टर झालं. बोटं मोकळी. "ती हलवत राहा, हात वर ठेवा, वजन उचलू नका, आणि खाज सुटली तरी आत काही घालू नका," असं सांगून ते थांबले, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "विणायची सुई तर अजिबात नाही." बायकांना ते ओळखून असावेत.

सुई डाव्या हातात घ्यायची, एवढाच प्रश्न आहे असं मला वाटत होतं. पण तिथपर्यंत पोचायच्या आधी सुई ओवणं आहे आणि गाठ मारणं आहे.

ओवताना आपला कुठला हात हलतो हे कधी पाहिलंय? काही जण सुई स्थिर धरतात आणि दोरा नेढ्यात नेतात. काही जण दोरा धरतात आणि सुई त्याच्यावर आणतात. मेरियन ॲनेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७० मध्ये माणूस उजवा की डावखुरा हे ठरवायला बारा कामांची यादी केली. लिहिणं, चेंडू फेकणं, काडेपेटीची काडी ओढणं, दात घासणं, यांच्या जोडीला त्यात सुई ओवणंही आहे. दुसऱ्याच वर्षी ओल्डफील्ड या गृहस्थांनी एडिंबराच्या नावानं दुसरी यादी काढली, आणि गाजली ती हीच. तीत सुई नाही. पहिली यादी बाईनं केली म्हणून सुई तीत आली, असा माझा आपला समज आहे; पुरावा मागू नये.

माझ्यापुरता उपाय साबण हा निघाला. अंगाच्या साबणाच्या वडीत सुई उभी खोचायची, नेढं वर, आणि डाव्या हातानं दोरा ओला करून घालायचा. सुईला साबण लागल्यानं ती कापडातून सरसर जाते, हा वरचा फायदा. शिवाय सकाळचा पेपर वाचून झाला की हे चष्मा न काढता दोन-चार सुया ओवून टाचण्यांच्या गादीत खोचून ठेवायला लागले. "अहो, जाड दोऱ्याची वेगळी ठेवा," म्हटलं की म्हणायचे, "मी पेन्शनीत निघालोय, पाळीवर नाही." पण ठेवायचे वेगळी. इतक्या वर्षांच्या संसारात नऊ नंबरची सुई सातपेक्षा बारीक असते, हे त्यांना पहिल्यांदा कळलं.

गाठीचं मात्र दुसऱ्यानं करून भागत नाही. दोरा संपेल तिथे ती हवी. उजव्या हाताला ती कशी यायची हे मी कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून डाव्याला शिकवायला काही हाताशी नव्हतं. शेवटी प्लास्टरमधून बाहेर आलेली उजवी बोटंच एका जागी हलवून बघितली. ओल्या पहिल्या बोटाभोवती दोऱ्याचं टोक एकदा फिरतं. अंगठा तो वेढा बोटाच्या टोकाकडे लोटतो आणि लोटता लोटता दोरा स्वतःभोवती वळतो. वेढा बोटावरून निसटतो त्याच क्षणी मधलं बोट येऊन तो अंगठ्याशी चिमटीत धरतं. मग दुसऱ्या हातानं दोरा ओढला की गाठ खाली बसते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. डाव्या अंगठ्याला लोटणं जमत होतं, वळवणं जमत नव्हतं. वेढा तसाच्या तसा सुटून पडायचा. एकदा जमला तेव्हा आलेली गाठ हरभऱ्याएवढी होती. गोधडीला ती आत लपते, तेवढं बरं.

मग दोऱ्याचा पीळ. रिळावरचा असो की भरतकामाच्या लडीतला सहा पदरी, प्रत्येक दोऱ्याला कारखान्यातूनच पीळ दिलेला असतो. आपण टाका घालताना नकळत सुई बोटांत जराशी फिरवतो. उजवा हात एका बाजूला फिरवतो, डावा उलट्या. त्यामुळे जो दोरा वर्षानुवर्षं एका तऱ्हेनं वागत आला, तो हात बदलल्यावर वेगळंच वागायला लागतो. पदर सुटतात नाहीतर आढ्या पडतात. मधूनमधून कापड उचलून सुई लोंबती सोडायची, ती गरगर फिरते आणि पीळ जागेवर येतो. ही युक्ती उजव्या हातानं शिवणारीलाही माहीत असते, पण तिला ती क्वचित लागते.

एवढं झाल्यावर एका दुपारी जुन्या उशीचा अभ्रा घेऊन बसले. डाव्या हातात सुई, आणि साधा धावदोरा. सुई धरता येत नव्हती असं काही झालं नाही. टाके लांब-आखूड पडत होते, रेघ सोडून जात होते, पण पडत होते. गोंधळ होता तो भलत्याच जागी. कापड कुणी धरायचं?

इतकी वर्षं हे काम डावा हात करत आला. कापड पहिल्या बोटावरून घेतलेलं, वरून अंगठा, खालून मधल्या बोटाचा ताण, आणि करंगळी दूरची कड हळूच ओढून धरते. उजवी बाई शिवताना शिवणाऱ्या हाताकडे न बघता या हाताकडे बघा. धावदोऱ्यात सुई जवळजवळ जागच्या जागी असते. वरखाली होतं ते कापड. डावा हात ते सुईच्या टोकावर चढवतो, उतरवतो, पुन्हा चढवतो, चार-पाच टाके सुईवर गोळा झाले की मागे सरकवतो, आणि मग उजवा हात येऊन दोरा ओढून नेतो. टाका किती लांबीचा पडणार, रेघ सरळ राहणार की नाही, कापडाला झोळ येणार की नाही, हे ठरवणारा हात कापडाचा. शाळेत शिवणाच्या बाई हातावर पट्टी मारायच्या ती नेहमी सुई धरलेल्या हातावर. चुकीचा हात मार खायचा असं आता वाटतं.

याच्यावर अभ्यासही झालेला आहे. ईव्ह ग्यार या फ्रेंच संशोधकानं १९८७ मध्ये मांडलं, की दोन हात एकच काम करत असले तरी त्यांची कामं वेगळी असतात. कमी सरावाचा हात आधी येतो, जागा पक्की करतो, आणि सरावाचा हात त्या जागेत बारीक काम करतो. त्याचा एक प्रयोग मला फार आवडला, कारण त्यातलं सामान माझ्या ओळखीचं होतं. लिहिणाऱ्याच्या कागदाखाली, त्याला न सांगता, कार्बन आणि दुसरा कोरा कागद टेबलाला पक्का लावून ठेवला. वरचा कागद ओळीमागून ओळ नीट भरला. खालच्या कागदावर मात्र सगळं लिहिणं थोड्याशा जागेत एकमेकांवर चढलेलं निघालं. म्हणजे पेन फारसं हललंच नव्हतं. डावा हात कागद वर सरकवत होता. कार्बन लावून कापडावर वेलबुट्टी उतरवणाऱ्या बाईनं असले उद्योग पुष्कळ केलेले असतात, आपल्या हाताखाली कार्बन लावून बघायचं मात्र सुचत नाही.

हातानं फिरवायचं शिवणयंत्र आठवा. चाक उजवीकडे, म्हणजे उजव्या हाताला काम काय, तर गोल गोल फिरवणं. ते पोरंही करतात. आईच्या मशीनचं चाक फिरवायला आम्हा बहिणींत भांडणं व्हायची. कापड सुईखाली नेणं, बाहीचा गोल वळवणं, हे सगळं एकट्या डाव्या हाताकडे. ज्यानं कुणी ते यंत्र तसं मांडलं, त्यानं जोखमीचं काम डाव्याला दिलं आणि त्याबद्दल कुणीच काही बोललं नाही.

तर आता माझा उजवा हात, सूज आलेली पाच बोटं आणि बाकी दगड, कापड धरणारा झाला होता. त्याला हे काम मुळीच येत नव्हतं. तो चिमटीत धरायचा, गच्च, सुई धरल्यासारखं. कापड पसरून, सैल, पण ताणात ठेवायचं असतं, हे त्याच्या गावीच नव्हतं. डाव्या हाताला सुई शिकवणं हा सोपा भाग निघाला. उजव्याला धरणं शिकवायचं, तेही प्लास्टरसकट, हे खरं काम होतं.

गल्लीत एक आक्का आहेत, सत्तरी उलटलेल्या, लोकांच्या वाकळा शिवून देतात. त्या बघायला आल्या, आणि मी टेबलाशी खुर्चीत बसून रिंगमध्ये कापड ताणून झगडत होते ते बघून हसल्याच.

"वाकळ हातात धरून शिवत्यात व्हय गं? खाली बस. बुडाखाली घे. आनि पायाचा अंगठा कशाला दिलाय देवानं?"

खाली बसले. नऊवारीच्या घड्या एकावर एक अंथरल्या, कडा टाचून घेतल्या, त्यांच्यावरच मांडी घातली आणि समोरची कड पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात धरून ताणली. ताण आला. शिंपी लोक जमिनीवर बसून काज-हेमचं काम करायचे तेव्हा हेच करायचे. लहानपणी बघितलेलं होतं आणि डोक्यातून गेलं होतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तिकडच्या बायका टेबलाच्या कडेला पितळी पक्षी स्क्रूनं आवळायच्या, शेपूट दाबली की चोच उघडायची आणि कापड चोचीत धरून ठेवायची. तिसरा हात म्हणायच्या त्याला. खुर्ची-टेबलावर बसलं की तिसरा हात विकत आणावा लागतो, इतकंच.

गोधडीची एक गोष्ट माझ्या पथ्यावर पडली: धावदोऱ्याला डावं-उजवं नसतं. टाका दिसायला तोच, वरून आणि खालून. उजव्या हाताची बाई उजवीकडून डावीकडे जाते, मी डावीकडून उजवीकडे गेले. कडेनं सुरुवात करून आत आत यायचं, कोपरा आला की वळायचं. पहिल्या दोन ओळी पावसात भिजलेल्या पोराच्या अक्षरासारख्या आल्या. उसवल्या नाहीत. आक्कांनी बोट फिरवून बघितल्या आणि म्हणाल्या, "बाळाला काय कळतंय? पर बाळाची आज्जी बगंल." बाळाची आज्जी म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण, आणि ती बघणार याची मला खात्रीच होती.

त्या दिवसांत अर्नेस्ट थेसिजर या नटाची हकिगत वाचली. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर त्याचे हात जखमी झाले. भरतकामाची आवड त्याला होतीच. पुढे, हातपाय गमावून परतलेल्या सैनिकांना भरतकाम शिकवा असं त्यानं लावून धरलं, आणि १९१८ मध्ये इंग्लंडमध्ये अपंग सैनिकांच्या भरतकामाची संस्था उभी राहिली. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये वेदीपुढचा एक मोठा पडदा आहे, तोही त्या युद्धात जखमी झालेल्या शंभरावर सैनिकांनी भरलेला. आपल्याकडे पुरुषानं सुई हातात घेतली की तो शिंपी असतो, नाहीतर तो का घेतोय म्हणून विचारतात. आमच्या ह्यांनी सुया ओवल्या त्याही पुढच्या खोलीचं दार लोटून घेऊन, हे इथं लिहिलेलं त्यांना आवडणार नाही.

कुंचीचं प्रकरण गोधडीइतकं सरळ नव्हतं. वेल देठाच्या टाक्याची होती, आणि देठाच्या टाक्याला तिरकेपणा असतो. दोरीच्या पिळासारखा तो एकाच बाजूला झुकतो. निम्मी वेल उजव्या हाताची. उरलेली डाव्यानं घातली तर आरशातली येणार, झुकाव उलटा. कापड उलटं फिरवून बघितलं. काही होत नाही, झुकाव जसाच्या तसा राहतो. वेल मध्येच वळण बदलते असं दिसलं असतं. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं, हे मला पटवून सांगायला घरातले सगळे तयार होते.

उत्तर सुईत नव्हतं, दोऱ्यात होतं. देठाचा टाका घालताना सुटा दोरा सुईच्या खालच्या बाजूला ठेवायचा, असं शाळेतल्या नमुन्याच्या वहीपासून हातात बसलेलं. तोच दोरा वरच्या बाजूला ठेवला तर झुकाव उलटतो. म्हणजे डाव्या हातानं, उजवीकडून डावीकडे जाताना, दोरा खाली न ठेवता वर ठेवायचा: हातानं उलटलेलं दोऱ्यानं पुन्हा उलटतं आणि टाका होता तसा येतो. चिंधीवर आधी करून बघितलं. खरंच आला. मला इतका आनंद झाला की ह्यांना बोलावून दाखवला. त्यांनी दोन्ही तुकडे चष्म्याजवळ नेले आणि म्हणाले, "सारखेच तर आहेत." अगदी हेच ऐकायचं होतं.

साखळी टाक्याला असला त्रास नाही. गाठीच्या टाक्यात गाठ घट्ट बसते की सैल, हे सुईभोवती वेढा कुठल्या बाजूनं घेतला आणि दोऱ्याचा पीळ कुठल्या बाजूचा, यावर ठरतं. डाव्या हातात वेढा उलटा घेऊन बघावा. काजाचा टाका मी सोडून दिला. झबल्यांना नाड्या लावल्या.

सगळ्यात हरवलं ते कात्रीनं. कात्री ही उजव्या हाताची वस्तू आहे, हे ती डाव्या हातात घेतल्याशिवाय कळत नाही. उजव्या हातानं मिटताना अंगठा आणि बोटं नकळत पाती एकमेकांवर दाबतात. डाव्या हातात तोच जोर पात्यांना फाकवतो, मग कापड कापलं जात नाही, मध्ये दुमडून बसतं. त्यातून वरचं पातं नेमकं खडूच्या रेघेवर येतं, म्हणजे कापतोय कुठे तेच दिसत नाही. अंगठा उलटा, तळव्याकडे ओढत कापलं तर थोडं जमतं. मी दोरा दातानं तोडत राहिले आणि आईचं "दात झिजतील गं" हे वाक्य अजून कानात वाजतं का ते बघितलं. वाजतं.

प्लास्टर निघालं तेव्हा आतला हात माझा वाटेना. बारीक, कोरडा, आणि दारातल्या नवख्या पाहुण्यासारखा अवघडलेला. मेणाचा शेक, मऊ चेंडू दाबणं, टेबलाच्या कडेवरून मनगट वरखाली. मूठ हळूहळू वळायला लागली. मागे राहिलं ते हात उताणा करणं. फिजिओथेरपीच्या बाई म्हणायच्या, "तळवा आढ्याकडे." आढ्याकडे काही जाईना, भिंतीकडे बघत थांबायचा. देवळात गेले तेव्हा याचा अर्थ कळला. तीर्थ घ्यायला हात पुढे केला आणि तळव्याची पन्हळ होईना. पाणी मनगटावरून ओघळलं. गुरुजींनी पळी तशीच धरून ठेवली. डावा हात पुढे करण्याची माझी हिंमत झाली नाही आणि त्यांचीही. शेवटी डाव्या हाताखाली उजवा धरून, दोन्हींची ओंजळ करून घेतलं. शास्त्रात बसतं की नाही, गुरुजी काही बोलले नाहीत.

सुई परत उजव्या हातात घेतली तेव्हा मला वाटत होतं तो सगळं विसरला असेल. ताकद नव्हती, पण टाका होता. यावर १८९४ सालचा जुना प्रयोग आहे, अमेरिकेतल्या येल विद्यापीठातला, स्क्रिप्चर आणि त्यांच्याबरोबरच्या स्मिथ आणि ब्राऊन या बाईंचा. त्यातलं एक काम असं होतं: धातूच्या पट्टीतल्या बारीक भोकात, कडेला न लागू देता, सुई घालायची. सराव एकट्या उजव्या हातानं केला, आणि सुधारला डावाही. अलीकडे, २०१३ मध्ये, कॅनडातल्या सस्कॅचवानच्या लोकांनी तर पन्नाशी ओलांडलेल्या, मनगट मोडलेल्या बायकांवरच हे करून पाहिलं. ज्यांनी धड हाताच्या ताकदीचा व्यायाम ठेवला, त्यांच्या मोडक्या हाताची पकड बाराव्या आठवड्याला बाकीच्यांपेक्षा बरी निघाली. धावदोरा म्हणजे ताकदीचा व्यायाम नव्हे, त्यामुळे मी त्याचं श्रेय घेत नाही. पण मनगट मोडल्यावर "आता आराम करा" म्हणून सांगणाऱ्या सगळ्यांना हे छापून वाटावं असं वाटतं.

गोधडी तेव्हा निम्मी झाली होती. उरलेली उजव्यानं पुरी करायची असा बेत होता. उजवा लवकर दमायचा, म्हणून एक ओळ डाव्यानं आणि एक उजव्यानं असं सुरू केलं, आणि मग लक्षात आलं की गोधडी फिरवावीच लागत नाही. डाव्यानं डावीकडून उजवीकडे जायचं, टोकाला पोचलं की सुई त्या हातातून या हातात, आणि उजव्यानं परत. बाळाची गोधडी हलकी असते. दुहेरी अंथरुणाची वाकळ, पाच-सहा लुगड्यांची, ओळीगणिक फिरवायची म्हणजे खांदे भरून येतात. आक्कांना करून दाखवलं. त्यांनी बघितलं, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "आमी जल्मभर वाकळंभोवती फिरलो." दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यावरून जाताना पाहिलं, तर डाव्या हातात सुई घेऊन त्या स्वतःलाच शिव्या देत होत्या.

बहिणीनं गोधडी हातात घेतल्या घेतल्या उलटी केली, अपेक्षेप्रमाणे. कडेच्या ओळींवर बोट ठेवून "इथं तुझा हात मोडलेला होता ना?" म्हणाली. हो म्हटलं. कुंचीवर मात्र तिला काही सापडलं नाही, आणि तिनं शोधलं होतं.

आता वरच्या मजल्यावरची एक पोरगी संध्याकाळी माझ्याकडे शिकायला येते. चौथीतली, डावखुरी. दहांतलं एखादं माणूस तसं असतं, तरी शिवणाची सगळी पुस्तकं उरलेल्या नवांसाठी काढलेली. आमच्या वर्गात एक डावखुरी मुलगी होती, तिला बाई समोर बसवायच्या, म्हणजे आरशात बघितल्यासारखं तिनं उचलावं. हिला मी शेजारी बसवते आणि सुई डाव्या हातात घेते. माझ्यापेक्षा तिची सुई जोरात चालते, आणि तसं ती सांगतेही. "आज्जी, तुम्ही फार हळू." सुईबद्दल तिला मी काही शिकवत नाही. तिची भांडणं होतात ती उजव्या हातावरून. कापड चिमटीत गच्च धरते, कोपरा चुरगळतो, टाके गोळा होतात, आणि खेकसते दोऱ्यावर. परवा तिचा हात धरून बोटं एकेक सोडवली. अंगठा वर, सैल. ताण मधल्या बोटानं दे, अंगठ्यानं नको. करंगळी लांब. "दुखतं," म्हणाली. दुखणारच, म्हटलं, आधी हे धर, मग सुई देते.